मालवण-तारकर्लीला जाताय? आधी भरती-ओहोटी बघा, मग बेत ठरवा

मालवण : सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्लीची वाळू, देवबागचा संगम आणि पाण्याखालची प्रवाळं. हे सगळं मालवण तालुक्यात, दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यात बघायला मिळतं. एका दिवसातही बरंच होतं. पण इथलं वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, ते समुद्रावर चालतं. कुठे, कधी जायचं आणि पाण्यात उतरताना काय बघायचं, त्याची ही माहिती.

सिंधुदुर्ग किल्ला
मालवणच्या जेटीवरून होडीने दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्यावर पोचता येतं. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हे काम सुरू केलं आणि १६६७ मध्ये ते पुरं झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतलं आहे. मुख्य दरवाजा तटाच्या वळणात असा लपवलाय की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसतच नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, महाराजांच्या हाता-पायाचे ठसे आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना चारी बाजूंनी खारं पाणी असूनही गोडं पाणी आहे. किल्ला पायी फिरायचा, सावली कमी. त्यामुळे सकाळीच जा. टोपी आणि पाणी सोबत ठेवा.

तारकर्ली आणि देवबाग
मालवणपासून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. लांबलचक, पांढरट वाळूचा किनारा. पुढे देवबागला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला नदी समुद्राला मिळते, तोच संगम. खाडीतल्या 'त्सुनामी आयलंड' नावाच्या वाळूच्या बेटावर जेट स्की, बनाना राईड असे खेळ चालतात. पलीकडच्या तीरावर भोगवे आणि निवतीचे किनारे आहेत. डॉल्फिन बघायचे असतील तर सकाळी समुद्र शांत असताना होडी घ्या.

स्कूबा आणि स्नॉर्कलिंग
मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळं आणि रंगीत मासे दिसतात. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त स्वच्छ असतं. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं नाही, कारण प्रशिक्षक सोबत असतो. मात्र दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं किंवा सर्दी असेल तर खाली जाऊ नका. गरोदर महिलांनीही जाऊ नये. प्रवाळ तोडणं किंवा घरी नेणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

भरतीची वेळ कशी काढायची?
यासाठी घरातलं कॅलेंडर पुरतं. त्या दिवशीची तिथी बघा, तिला तीनने गुणा आणि चारने भागा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती.
उदाहरणार्थ चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असं मोजायचं. दिवसात दोनदा भरती येते आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा जुना ठोकताळा आहे, तासभर मागेपुढे होऊ शकतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या मच्छीमाराला विचाराच.
पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी. लहान मुलं सोबत असतील तर भांगेचे दिवस बरे.

धोका कुठे आहे?
नदी किंवा खाडीच्या तोंडाशी ओहोटीला पाणी समुद्राकडे जोरात ओढलं जातं. देवबागच्या संगमावर म्हणूनच पोहू नका. विहिरीत, नदीत चांगलं पोहणाराही या ओढीत दमून जातो. ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. ओढ संपली की बाहेर या. दुसरा कोणी बुडत असेल तर पाठोपाठ उड्या मारू नका. दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेका आणि आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवा.
मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. त्यामुळे होडीत बसण्याआधी तीन गोष्टी बघा : होडीला परवाना आहे का, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली आहेत का, आणि लाईफ जॅकेट प्रत्येकाला मिळालंय का. जॅकेट हातात धरू नका, अंगात घालून पट्टे बांधा. होडीवाला "आज जायचं नाही" म्हणाला तर वाद घालू नका. वारा त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो.

पाण्यात उतरायचं नसेल तर
मालवणात रॉक गार्डनवरून सूर्यास्त बघा. चिवला किनाऱ्यावर नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. कुडाळकडून येताना वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० मध्ये बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. काठावर भगवतीचं मंदिर आहे, झाडी आहे. दुपारचं ऊन टाळायला याच्यासारखी जागा नाही.

कधी आणि कसं जायचं?
ऑक्टोबर ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि गर्दी दोन्ही जास्त. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा पावसामुळे बंद असतात. रेल्वेने कुडाळ, सिंधुदुर्गनगरी किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षाने मालवण गाठता येतं.

एका दिवसाचा बेत : सकाळी लवकर किल्ला, नंतर स्कूबा. दुपारी जेवण आणि सावली. चारनंतर तारकर्ली-देवबाग. अंधार पडायच्या आत पाण्याबाहेर.

मदतीसाठी : आपत्कालीन क्रमांक ११२, तटरक्षक दल १५५४. घरून निघण्याआधीच दोन्ही मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.