रकान्यातलं वाशिम

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातल्या देगावचं नाव एकाएकी देशभरच्या बातम्यांत आलं. तिथल्या एका निवासी शाळेतली २२९ मुलं करोनाबाधित निघाली होती. आकडा वाशिमच्या खात्यावर पडला. मुलं मात्र बहुतेक अमरावती-यवतमाळची. मग ही साथ कुठली धरायची? मूल राहतं तिथली, की त्याचं घर आहे तिथली?

आजारांची मोजदाद करणाऱ्यांना हा पेच जुनाच. मुंबईत १९६३ साली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली, देशातली पहिली. कर्मचारी रुग्णालया-रुग्णालयांत जाऊन केसपेपर चाळत. पण मुंबईत परळच्या रुग्णालयात उपचारांसाठी वऱ्हाडातून आलेला माणूस मुंबईचा मोजला, तर मुंबईचा आकडा फुगणार आणि वऱ्हाडाचा घटणार. म्हणून पत्ता तपासणं हेच निम्मं काम. बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा अडचण उलटी होती: रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसत, मग कर्मचारीच गावोगाव फिरू लागले.

वाशिमची तर आणखी एक गंमत. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून हा जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या जिल्हावार तक्त्यांत वाशिमकर शोधायचा तर तो अकोल्याच्या बेरजेत बुडालेला असतो.

करोनाच्या साथीत पत्त्याचा हाच पेच पुन्हा पुढे आला. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने दहा प्रयोगशाळा एकत्र आणून ‘इन्साकॉग’ उभं केलं. त्यातल्या दोन पुण्याच्या: राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र. काम होतं करोनाच्या विषाणूच्या जनुकसंचातली सुमारे ३० हजार अक्षरं वाचण्याचं, आणि एकाने वाचलेलं दुसऱ्याशी ताडून पाहण्याचं. ठरलं होतं बाधितांपैकी पाच टक्के नमुने वाचायचे. सुरुवातीला तेवढे झालेच नाहीत.

हे सगळं सुरू होतं स्वॅबच्या इवल्याशा नळीपासून. नळी बर्फाच्या पेटीत घालून पाठवायची. नमुन्यात विषाणू पुरेसा हवा, म्हणजे चाचणीतला ‘सीटी व्हॅल्यू’ हा आकडा कमी हवा. नाहीतर अक्षरं तुटक येतात. आणि नळीसोबत कागद हवा: तारीख, वय, गाव, जिल्हा. यंत्राने अक्षरं बिनचूक वाचली, पण कागदावर गावच नसेल, तर नकाशावर टाचणी टोचायची कुठे?

२४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूतले दोन लक्षणीय बदल एकत्र सापडल्याचं जाहीर केलं. त्याच कुळातल्या एका शाखेला ३१ मे रोजी ‘डेल्टा’ हे नाव मिळालं. तिचे सर्वांत जुने नमुने निघाले ऑक्टोबर २०२० चे. नाव मिळेपर्यंत दुसरी लाट घराघरांत शिरून गेली होती. मग जूनमध्ये राज्याने प्रत्येक जिल्ह्यातून शंभर नमुने वाचून घेण्याचं धोरण सांगितलं. उशीर झाला, पण निदान जिल्ह्याचा हिशेब सुरू झाला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र उघडलं आणि इन्साकॉगने वाचलेले विषाणूचे लाखो जनुकीय क्रम देशातच ठेवण्याची सोय झाली. २०२५ च्या जानेवारीत वीस संस्थांनी मिळून वाचलेले दहा हजार भारतीयांचे जनुकसंच याच केंद्रातून संशोधकांना खुले झाले.

जगभरचे विषाणूंचे क्रम मात्र ‘जीआयएसएआयडी’ या २००८ पासूनच्या कोठारात साठतात. तिथे भारतातल्या कितीतरी नोंदींत जागेचा रकाना एवढाच भरलेला असतो: आशिया / भारत / महाराष्ट्र.