अलॉय व्हील मडगार्डला फ्लश बसवताना माप कसे काढावे?

कंग्राळीहून निपाणीला जा किंवा चोर्ला घाटातून गोव्याला. पाच माणसे अन् डिकीत सामान असले की गाडी मागून दबते. मोकळ्या गाडीला मडगार्डच्या कडेबरोबर, म्हणजे फ्लश दिसणारा टायर तेव्हाच घासू लागतो. म्हणून माप आधी काढावे.

उंची : १८५/६५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ६२२ मिमी, १९५/५५ आर १६ चा ६२१. फरक नगण्य, स्पीडोमीटर बिघडत नाही.

रुंदी व ऑफसेट : ऑफसेट तोच ठेवून रिम एक इंच रुंद घेतली, तर बाहेरची कड सुमारे १३ मिमी बाहेर येते, आतली तेवढीच आत जाते. ईटी ४५ ऐवजी ३५ घेतला की चाक आणखी १० मिमी बाहेर.

पीसीडी, हब बोअर, लोड इंडेक्स जुळलेच पाहिजेत. बसवल्यावर गाडी पूर्ण भरून, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा सगळीकडे तेच : कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. त्यामुळे आपल्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेले माप सगळ्यात बिनधोक.