हिरवा दिवा कुणाच्या चालीने?

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या सात जणी लोणची-पापड घेऊन शहरातल्या प्रदर्शनाला गेलो होतो. मोठ्या रस्त्यावर सिग्नलचा हिरवा माणूस दिसला, तशा हात धरून निघालो. निम्म्याच्या थोडं पुढे गेलो आणि दिवा लाल झाला. डोक्यावर बोचकी, मध्ये आमच्या सत्तरीच्या आक्का, आणि हॉर्नचा नुसता कल्लोळ. आक्का ओशाळल्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला गं." तेव्हाच आम्ही ठरवलं, हा दिवा आला कुठून आणि त्याची वेळ कशी ठरते, ते शोधून काढायचं.

रस्त्यावरचा पहिला सिग्नल लंडनमध्ये लागला, पार्लमेंटजवळ, डिसेंबर १८६८ मध्ये. तेव्हा मोटारी नव्हत्या. घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी माणसाला पलीकडे जाता यावं, म्हणून जे. पी. नाइट या रेल्वेच्या इंजिनिअरने तो सुचवला. दिवसा रेल्वेच्या सिग्नलसारखे हात वर-खाली व्हायचे, रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागायचे. पोलीस तो हाताने चालवायचा. महिना भरायच्या आतच गॅसचा स्फोट झाला, पोलीस जखमी झाला आणि तो प्रयोग फसला. पण सुरुवात झाली ती पायी चालणाऱ्यांसाठी, हे ध्यानात ठेवू या.

पुढे मोटारी वाढल्या. ब्रिटनचे वाहतूक मंत्री होर-बेलिशा यांनी १९३४ मध्ये रस्ता ओलांडायच्या जागी नारिंगी गोळ्यांचे खांब उभे केले. १९५१ मध्ये तिथे काळे-पांढरे पट्टे कायद्याने आले. तेच आपलं झेब्रा क्रॉसिंग. तरी गाडीवाल्याने पाहिलंच नाही तर? म्हणून १९६९ मध्ये नवा सिग्नल आला. पायी माणसानेच बटण दाबायचं, गाड्यांना लाल दिवा आणि आपल्याला हिरवा माणूस.

आता वेळेचं गणित. ब्रिटनमध्ये माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं धरलं गेलं. म्हणजे १२ मीटरच्या रस्त्याला १० सेकंद. २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या माणसांची चाल मोजलेली दिसली. पुरुषांची सरासरी ०.९ मीटर, बायकांची ०.८. म्हणजे १० सेकंदांत ती बाई ८ मीटरच जाते. उरलेल्या ४ मीटरवर आमच्या आक्का उभ्या होत्या. चूक त्यांच्या पायांची नव्हती, हिशेबाची होती.

हिशेब बदलता येतो. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही सिग्नलांवर ज्येष्ठांनी आपलं कार्ड खांबावरच्या यंत्राला लावलं, की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आपल्या मुंबईतही २०२० मध्ये दादरच्या सिग्नलांवर बाईचं चित्र आलं. आनंद झाला. पण चित्र आलं तशी तिची चालही हिशेबात यायला हवी.

म्हणून सांगणं इतकंच. शहरात गेलात, तर आधीच सुरू असलेल्या हिरव्या दिव्यामागे धावू नका. पुढच्या हिरव्याची वाट बघा आणि तो लागताच निघा. गावाजवळच्या हमरस्त्यावर सिग्नल मागायचा ठराव ग्रामसभेत मांडाल, तेव्हा नुसता 'सिग्नल हवा' असं लिहू नका. गावातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या आजीला तेवढं अंतर चालायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा ठरावात लिहा.

आमच्या आक्कांचे सेकंद आम्ही मोजलेत. तुमच्या आक्कांचे किती, ते आम्हाला जरूर कळवा.