गाभ्यातील पूर्वाज्ञा आणि आरंभीच्या आज्ञा

दिनांक 27 नोव्हेंबर 1817 रोजी सीताबर्डीच्या रणांगणावर लेफ्टनंट कर्नल स्कॉट याची घोडदळास आज्ञा होती ती केवळ बचाव धरून राहण्याची. धाकटी टेकडी अप्पासाहेब भोसल्यांच्या अरबांच्या हाती गेल्यावर कॅप्टन फिट्झजेराल्ड याने ती आज्ञा बाजूस सारून हल्ला चढविला आणि लढाईचे पारडे फिरले. आधी देऊन ठेवलेली आज्ञा श्रेष्ठ, की ऐन वेळी उद्भवलेली? हाच प्रश्न संगणकाच्या इतिहासात वेगळ्या रूपाने उभा राहिला. गंमत अशी की, संगणकप्रणालीच्या ज्या मूळ भागासंबंधी तो उभा राहिला त्याचे इंग्रजी नावही मराठीत पुष्कळदा ‘कर्नल’ असेच लिहिले जाते. घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘गाभा’ हा शब्द योजिला आहे.

यंत्रास जागे होताच पहिली आज्ञा कोणी द्यावी, ही अडचण जुनी आहे. केंब्रिज येथील एडसॅक यंत्रात 1949 साली डेव्हिड व्हीलर याने रचलेल्या 31 आरंभाज्ञा टेलिफोन केंद्रातील फिरत्या कळांवर कायमच्या जोडून ठेविल्या होत्या. त्या बदलावयाच्या तर तारांनाच हात घालणे भाग होते.

लिनस टोरवाल्ड्स याने सप्टेंबर 1991 मध्ये लिनक्सचा जो पहिला गाभा प्रसिद्ध केला, त्याची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. मूळ फाइलव्यवस्था कोणत्या तबकडीच्या कोणत्या भागावर आहे, हे त्यात आधीच लिहून ठेवलेले होते. एक अंक, षोडशमान पद्धतीतील 306, म्हणजे दुसऱ्या तबकडीचा पहिला भाग, हा लिनसच्या स्वतःच्या यंत्रासाठी. दुसरा, 302, एका सहकाऱ्याच्या यंत्रासाठी. कळफलकही फिनिश भाषेचा होता. हेल्सिंकीतील एका खोलीची मांडणी अशा रीतीने सर्व जगाची मांडणी म्हणून गाभ्यात शिरली. पूर्वनिश्चित म्हणून जे काही असते, ते बहुधा कोणाच्या तरी घरचे असते. त्यानंतरच्या आवृत्तींत हा अंक आरंभखंडाच्या 512 बाइटांपैकी 508 व 509 या स्थानांवर आला आणि आर्डेव्ह नामक लहानशा साधनाने तो गाभा पुन्हा न घडविताही बदलता येऊ लागला. पुढे व्हर्नर आल्मेसबर्गर याच्या लिलो या आरंभकाने गाभ्यास यंत्र सुरू होतानाच एक आज्ञापंक्ती देण्याची सोय केली. त्यामुळे फिट्झजेराल्डला जी मोकळीक मागूनही मिळाली नाही, ती कळफलकासमोर बसलेल्या माणसास सहज लाभली.

मात्र सर्वच यंत्रांत असा आरंभक नसतो. लहान उपकरणांतील आरंभक कित्येकदा मुका असतो, किंवा चुकीचेच बोलतो. म्हणून आज्ञापंक्ती गाभ्यातच कोरून ठेवण्याची योजना एआरएम जातीच्या यंत्रांसाठी आली आणि 2008 साली ती एक्स86 यंत्रांसाठीही स्वीकारली गेली. येथे खरा वाद उत्पन्न होतो. कोरलेली पंक्ती आणि बाहेरून आलेली पंक्ती या दोन्ही असल्यास काय करावे? एक्स86 मध्ये कोरलेली आधी व बाहेरची नंतर जोडली जाते. मूळ फाइलव्यवस्थेसारख्या पर्यायांत शेवटचे मूल्य ग्राह्य धरले जात असल्याने तेथे बाहेरच्या माणसाचा शब्द अंतिम ठरतो. यंत्रवर्णन-वृक्षावर चालणाऱ्या काही यंत्रकुळांत मात्र ‘विस्तार’ याच नावाच्या पर्यायाखाली कोरलेली पंक्ती नंतर जोडली गेली आणि फळ नेमके उलटे झाले. नाव एकच आणि अर्थ परस्परविरोधी, ही स्थिती शब्दार्थाच्या अभ्यासकास परिचित आहे; यंत्र घडविणाऱ्यास ती महागात पडते, कारण चूक होते ती निमूटपणे.

तिसरा मार्ग सक्तीचा: बाहेरची पंक्ती मुळी वाचावयाचीच नाही. तो सर्वथा त्याज्य म्हणता येणार नाही. आज्ञापंक्तीत ‘इनिट’ या पर्यायापुढे शेलचे नाव लिहिले, तर परवलीच्या शब्दावाचून यंत्राचा सर्वाधिकार हाती येऊ शकतो. चव्हाट्यावर ठेवलेल्या यंत्रास ही वाट बंद करणे भाग आहे. पण विकत घेतलेल्या उपकरणात उत्पादकाने हीच सक्ती केली, की मालकास स्वतःच्या यंत्राशी बोलण्याचा हा मार्ग उरत नाही. कोरलेली आज्ञा असावी, पण तिने सामान्यतः ऐन वेळच्या आज्ञेस वाट द्यावी, हीच रचना अधिक न्याय्य दिसते. सक्ती हा अपवाद, आणि तो कोणाच्या हिताचा हे विचारूनच करावयाचा.

पंक्तीची लांबी ही आणखी एक अडचण होती. एक्स86 मध्ये ती पूर्वी 256 अक्षरांची होती, पुढे 2048 झाली. मासामी हिरामात्सु याने रचलेली व 2020 साली 5.6 या आवृत्तीत आलेली बूटकॉन्फिग ही व्यवस्था पर्यायांना शाखोपशाखांनी मांडते. 2022 पासून ती गाभ्यातच कोरताही येते. तिच्यातील गाभ्याचे पर्याय आज्ञापंक्तीच्या आधी ठेवले जातात. विशेष हे की, सक्तीचा पर्याय निवडला नसेल, तर ही नवी व्यवस्था वाचली जावी म्हणून जुन्या आज्ञापंक्तीतच ‘बूटकॉन्फिग’ हा शब्द लिहावा लागतो.