माळा, रद्दी आणि राजवाडे

दिवाळी जवळ आली की मराठी घरात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. माळा रिकामा करणं आणि त्यावरून भांडणं. "हे कशाला ठेवलंय अजून?" असं एक पार्टी म्हणते आणि "राहू दे, लागेल कधीतरी" असं दुसरी. आपल्या पिढीचे बहुतेक लोक पहिल्या पार्टीत. टू बीएचकेत राहायचं म्हणजे दुसरा पर्याय तरी काय? पण आज मी दुसऱ्या पार्टीचं वकीलपत्र घेतलंय. आणि माझे साक्षीदार आहेत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे.

मुद्दा असा, की मराठ्यांचा इतिहास ज्या कागदांवरून लिहिला गेला, त्यातला मोठा हिस्सा सरकारी कचेरीत नव्हताच. तो लोकांच्या घरात पडून होता.

असं का? तर पेशवाईत ऑफिस आणि घर अशी आजच्यासारखी विभागणी नव्हती. सरदार असो, फडणीस असो की चिटणीस, त्याचं दप्तर बहुधा त्याच्याच वाड्यात असायचं. हुद्दे बापाकडून मुलाकडे जायचे, त्यांच्याबरोबर कागदही. हे कागद कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला म्हणत 'रुमाल'. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पेशव्यांचं सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पण घरोघरचे रुमाल घरीच राहिले. नाना फडणवीसांचे कागद वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात, तसे इतर कितीतरी.

आता कोणी म्हणेल, राज्यच गेल्यावर हे ओझं सांभाळलं कशाला? त्याला एक फार व्यावहारिक कारण होतं. इंग्रज सरकारने इनामांची चौकशी सुरू केली आणि १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचा आधार दिला. तुमच्या पणजोबांना ही जमीन कुणी दिली, सनद दाखवा. दाखवता आली नाही तर इनाम खालसा. पुष्कळांची इनामं अशी गेली. अशा वेळी घरातला एकही कागद फेकायची हिंमत कोण करणार? "लागेल कधीतरी" हे वाक्य आपल्याला आजीचा हट्ट वाटतो, पण त्यामागे एवढी धास्ती आहे!

मग दोन-तीन पिढ्या गेल्या. जमिनीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, धास्ती विसरली, आणि माळ्यावर उरली फक्त गाठोडी. काहींना वाळवी लागली, काही पावसात भिजली, काही वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला गेली. नेमक्या याच वेळी काही वेडी माणसं दारात येऊन उभी राहिली.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे नावाचे संस्कृतचे शिक्षक होते. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांचे कागद वाचायला घेतले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला सुरुवात केली. (वीकेंड प्रोजेक्टवाल्यांनी इथे एक नमस्कार करावा.) दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला. त्यातली पत्रं त्यांना वाईत मिळाली होती. काळ १७५० ते १७६१, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचा. पानिपताच्या आधीची धावपळ, पैशाची ओढाताण, निरोपानिरोपी, हे सगळं त्या माणसांच्या स्वतःच्या शब्दांत. आणि ते इतकी वर्षं कुठे होतं, तर एका घरातल्या गाठोड्यात.

त्यानंतर राजवाडे आयुष्यभर गावोगाव हिंडत राहिले. साधनांचे बावीस खंड निघाले. ७ जुलै १९१० ला त्यांनी खं. चिं. मेहेंदळ्यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. आज तिथे लाखो कागद आहेत, आणि त्यातले पुष्कळसे असेच कुणाच्या तरी घरातून आलेले.

आता इंजिनियर मंडळींना आवडेल अशी एक गंमत. या जुन्या पत्रांवर तारीख असते, पण बऱ्याचदा वर्षच नसतं! 'छ ५ रबिलावल' असं काहीतरी असतं. छ म्हणजे चंद्र, रबिलावल हा मुसलमानी महिना. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं, मग शाई कशाला वाया घालवा? दीडशे वर्षांनी कोणी तिसराच हे वाचत बसेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. मग संशोधकाने काय करायचं? पत्रात कुणाचं नाव आहे, कुठली लढाई नुकतीच झाली आहे, कोण वारल्याची बातमी आहे, हे बघायचं, जंत्री उघडायची आणि साल ठरवायचं. डेटा आहे पण मेटाडेटा गायब, अशी ही केस. एका सालाची चूक झाली तर सगळी कथाच उलटीपालटी होते.

आपल्या घरातल्या अल्बमची अवस्था काय वेगळी आहे? फोटो काढणाऱ्याला सगळं माहीत होतं, म्हणून मागे काहीच लिहिलं नाही.

आमच्याकडे मागच्या दिवाळीत एक ट्रंक खाली काढली होती. जुनी रेशनकार्डं, लग्नपत्रिका, दोन-चार तारा आणि सुटे फोटो. ज्यांची ओळख कुणालाच पटेना अशांचा एक वेगळा ढीग झाला. त्यात एक फोटो होता. धोतर-टोपीतले एक गृहस्थ भिंतीपाशी उभे, आणि भिंतीवर त्यांच्या डोक्याच्याही वर एक आडवा काळा पट्टा. बाबांना ओळखता आलं नाही, काकालाही नाही. आजी चकल्या पाडत होती. तिने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "अरे, ते पुराचं पाणी. इतकं चढलं होतं." १२ जुलै १९६१, पानशेत. आणि ते गृहस्थ? "आपलं घर गेलं तेव्हा चार महिने यांच्याच एका खोलीत होतो आपण. तुझ्या बाबाला यांनीच पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली." बाबा साठीच्या पुढचे. आपल्याला पहिलं अक्षर कुणी शिकवलं हे त्यांना त्या दिवशी कळलं. चकलीचा घाणा तसाच राहिला आणि पुढचा तासभर आजी बोलत होती.

सांगायचं काय, तर कागद जपला म्हणजे इतिहास जपला असं होत नाही. त्याच्याबद्दल सांगणारं माणूस घरात असेपर्यंत तो कागद बोलतो, नंतर त्याची रद्दी होते. खरे काय किंवा राजवाडे काय, त्यांनी निम्मं आयुष्य घालवलं ते सांगणारी माणसं गेल्यानंतर कागदांना बोलतं करण्यात. आपल्याला तेवढे कष्ट नाहीत. आपले साक्षीदार शेजारच्याच खोलीत टीव्ही बघत बसलेले आहेत.

मारी कोंडो या जपानी बाईंचं आवराआवरीचं पुस्तक २०११ साली आलं आणि पुढे जगभर गाजलं. कपड्यांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्या असंही सुचवतात, की आपण काय टाकतोय ते घरच्यांना दिसू देऊ नये, नाहीतर ते उचलून परत आत ठेवतात. खरं आहे, ठेवतातच! फक्त ठेवताना ते काहीतरी सांगतात, आणि निदान कागद-फोटोंच्या बाबतीत तरी तेच ऐकण्यासारखं असतं.

सगळं ठेवा असं मी म्हणत नाही. तेवढी जागाही नाही, आणि प्रत्येक घरात पानिपताची पत्रं निघणार नाहीत. जुने कपडे बोहारणीला द्या, मिक्सरचं बिघडलेलं भांडं भंगारात द्या, १९९८ ची लाइटबिलं खुशाल रद्दीत घाला. कागदांची ट्रंक तेवढी एकट्याने उपसू नका. ज्या दुपारी सगळे घरी आहेत, फराळाचं निम्मं आटोपलंय, अशी दुपार बघून ती मधोमध ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, नातं, गाव आणि अंदाजे साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढून दिसतो. आजी बोलायला लागली की मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा, पण तिला सांगून. आणि मोडीतला एखादा कागद निघालाच, तर आपल्याला वाचता येत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरवू नका. भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी वाचणाऱ्या जाणकारांना आधी दाखवा.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू लावतात. घरातली अलक्ष्मी तिने बाहेर काढायची असते. ट्रंकेतलं नेमकं काय अलक्ष्मी आहे, हे मात्र केरसुणी हातात घेण्याआधी आजीला विचारून घ्यावं.