बचत गटात वीसच बायका का?

पिरंगुट ओलांडलं की पौडच्या रस्त्याला घोटावडे फाटा लागतो. घोटावड्यात काय किंवा मुळशीतल्या कुठल्याही गावात काय, बचत गट हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण गटात दहा ते वीसच बायका का, याचं उत्तर शोधत गेलं की सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

एकमेकांच्या आधाराने तग धरायची रीत त्याहून जुनी. भातलावणीत मावळात सावड चालायची : आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. घाटावर इर्जिक घालत. गावाने येऊन एकाचं रान उरकायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. कष्टाची अशी उसनवार जमली, पण रोख पैशासाठी सावकाराशिवाय दार नव्हतं. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दंगे पसरले, कर्जखतं जाळली गेली.

त्या धगीतून आधी १८७९चा शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला आणि पुढे १९०४चा सहकारी पतसंस्थांचा. एका गावातल्या कोणत्याही दहा प्रौढांनी एकत्र यावं. एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरावं. जर्मनीतल्या राइफायझनच्या ग्रामीण पतपेढ्यांचं हे तत्त्व. तारण काय, तर एकमेकांची ओळख. पुढे सोसायट्या वाढल्या आणि कर्ज सातबाऱ्याला बांधलं गेलं. बाईचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच, त्यामुळे सोसायटीतही ती नव्हतीच.

१९८०च्या दशकात कर्नाटकात मायराडा संस्थेच्या भागात मोठ्या सोसायट्या मोडल्या आणि ओळखीच्या माणसांचे छोटे गट उरले. त्याच दशकाच्या अखेरीस खेड तालुक्यात डॉ. सुधा कोठारी यांनी बायकांचे बचत गट उभे केले. ‘चैतन्य’ संस्थेचं काम त्यातूनच वाढलं. १९९२मध्ये नाबार्डने पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत खातं आणि कर्ज मिळू लागलं.

वीसचा आकडा इथे येतो. १९५६च्या कंपनी कायद्यानुसार वीसपेक्षा जास्त माणसांनी मिळून नफ्याचा व्यवसाय करायचा, तर नोंदणी सक्तीची होती. म्हणून गट विसाच्या आत ठेवले गेले. २०१३च्या कायद्याने ती मर्यादा सैल केली, तरी आकडा टिकला. तो सोयीचाही आहे : वीस जणींत कुणाच्या घरी आजारपण आलंय, कुणाचा हप्ता कशामुळे थकलाय, हे वही न उघडता कळतं.

आज मायक्रोफायनान्स कंपन्याही बायकांना जमवतात आणि त्यालाही गटच म्हणतात. तिथे जामीनकी सगळ्यांची, पण व्याज कंपनीला जातं. बचत गटात अंतर्गत कर्जाचं व्याज गटाच्याच पेटीत पडतं. त्यामुळे सही करण्याआधी प्रत्येकीने एवढं विचारावं : यात आपली बचत किती, आणि व्याज कुणाच्या घरी जाणार?