नापास मास्तरांची भुतं

गेल्या शनिवारी माझा आतेभाऊ फ्लॅटवर राहायला आला. मी त्याला दादा म्हणतो, माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा आहे. गेली सहा वर्षं तो स्पर्धा परीक्षा देतोय. शुक्रवारी निकाल लागला, यादीत नाव नव्हतं. अशा वेळी काय बोलायचं हे मला कधीच सुचत नाही. म्हणून विचारलं, "पिक्चर बघायचा का?"

"लाव काहीही. फक्त मोटिव्हेशनल नको."

मग मी 'ए चायनीज घोस्ट स्टोरी' लावला. १९८७ चा हाँगकाँगचा सिनेमा, दिग्दर्शक चिंग स्यू-तुंग आणि निर्माता त्सुई हार्क. लेस्ली चुंग हा वसुलीला निघालेला एक गरीब, भोळा पोरगा. पावसात त्याच्या खातेवहीची शाई धुवून निघते, मग कोणाकडून किती वसूल करायचे तेच वाचता येत नाही. खिशात पैसे नाहीत, त्यामुळे फुकटात राहायला मिळेल अशा गावाबाहेरच्या पडक्या मठात जातो. तिथे त्याला श्याओच्यान भेटते. ती मेलेली आहे. तिच्या अस्थी एका झाडाच्या हडळीच्या ताब्यात आहेत आणि तिच्या हुकमावरून तिला पुरुषांना भुलवून आणावं लागतं. पुढे हवेत तरंगणारं रेशीम, हडळीची संपत न संपणारी जीभ, माणसांना कंटाळून मठात येऊन राहिलेला दाढीवाला तलवारबाज, सगळं आहे. पहिला तासभर दादा खदाखदा हसत होता. शेवटी पहाट होते, तिला उन्हापासून वाचवायला नायक खिडकी धरून उभा राहतो आणि त्यामुळे त्याला वळून तिचा चेहराही शेवटचा बघता येत नाही. तेव्हा दादा हसत नव्हता. मीही नव्हतो.

आता लांब जिभेच्या हडळीच्या सिनेमात घशाशी का यावं? आपण पडलो इंजिनियर, बग दिसला की मुळापर्यंत गेल्याशिवाय झोप लागत नाही. रविवारी सकाळी चहा घेता घेता दादाला मी जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

या गोष्टीचं मूळ एका मास्तरात आहे. पू सोंगलिंग त्याचं नाव, जन्म १६४० चा, शानडोंग प्रांतातला. चीनमध्ये तेव्हा सरकारी अधिकारी व्हायचं तर परीक्षांची शिडी चढावी लागे. जुने ग्रंथ पाठ करायचे आणि ठरलेल्या आठ भागांच्या साच्यात निबंध लिहायचा. पहिल्या पायरीवर हा पोरगा चमकला. १६५८ मध्ये स्थानिक परीक्षांत पहिला आला. पुढची प्रांताची परीक्षा साधारण तीन वर्षांतून एकदा होई. त्यात तो नापास झाला. परत बसला, परत नापास. असं म्हातारपणापर्यंत चाललं. पोटासाठी एका श्रीमंत घरी तीसेक वर्षं मुलांची शिकवणी केली. सत्तरी उलटल्यावर, १७११ मध्ये, ज्येष्ठतेच्या हिशेबाने एक मानाची पदवी हातात पडली आणि १७१५ मध्ये मास्तर गेले. मागे राहिल्या भुतांच्या आणि कोल्हिणींच्या जवळजवळ पाचशे कथा. त्या छापून आल्या १७६६ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर पन्नास वर्षांनी.

या कथांमध्ये रात्री दार वाजतं ते बहुतेक वेळा एखाद्या गरीब विद्यार्थ्याचं. बाहेर उभी असते मेलेली मुलगी नाहीतर माणसाचं रूप घेतलेली कोल्हीण. का? कारण दुसरं कोणी येणारच नसतं. नापास मुलाला जिवंत माणसं मुलगी देत नाहीत. मग जिला जगाने टाकलंय तीच त्याच्याकडे येते. आता सिनेमातली श्याओच्यान आठवा. तिचं मरणसुद्धा तिच्या मालकीचं नाही.

मग यात तलवार कुठून आली? ती तर फारच जुनी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास सिमा छियान या इतिहासकाराने एक अख्खं प्रकरण अशा माणसांवर लिहिलं, जी कायदा मोडतात पण दिलेला शब्द मोडत नाहीत. त्या माणसाला म्हणतात 'श्या', आणि 'वूश्या' हा शब्द त्यावरूनच. स्वतः सिमा छियानने एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाने त्याला खच्ची करण्याची शिक्षा दिली होती. म्हणजे प्रेमकथा काय आणि तलवारबाजी काय, दोन्ही लिहिणारे दरबाराने झिडकारलेले. मला तरी या सिनेमांची ओढ इथे दिसते. कचेरीत न्याय मिळत नाही, परीक्षेत गुण कळत नाहीत, म्हणून कोणीतरी उडत येतं.

राज्यकर्त्यांना हे आवडणं शक्यच नव्हतं. १९२८ मध्ये शांघायच्या मिंगशिंग कंपनीने 'लाल कमळाच्या मठाचं दहन' या अर्थाच्या नावाचा सिनेमा काढला. तारांवरून उडणारे वीर बघायला लोकांनी एवढी गर्दी केली की १९३१ पर्यंत त्याचे १८ भाग निघाले. नवं, विज्ञाननिष्ठ राष्ट्र घडवू पाहणाऱ्या सरकारने अंधश्रद्धा पसरते म्हणून त्यावर १९३१ मध्ये बंदी घातली. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. आपल्याकडे १९३६ मध्ये प्रभातचं 'संत तुकाराम' आलं, त्यातलं विमान बघून लोकांनी हात जोडले. चमत्कार तोच, पण इकडे भक्ती आणि तिकडे गुन्हा.

असो. शांघायमध्ये जागा उरली नाही, तेव्हा उडते वीर आणि भुतं इंग्रजांच्या हाँगकाँगला गेली. तिथल्या स्टुडिओने श्याओच्यानच्या कथेवर १९६० मध्येच एक सिनेमा काढला होता, १९८७ चा त्यानंतरचा. पुढे तैवानमध्ये किंग हू या दिग्दर्शकाने आपल्या मास्तरांच्याच एका कथेवरून 'अ टच ऑफ झेन' केला. त्याला १९७५ मध्ये कान महोत्सवात तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. त्याचा नायक तिशी ओलांडलेला, चित्रं काढून पोट भरणारा माणूस. आई रोज पाठी लागते, परीक्षेला बस म्हणून. हे सांगितल्यावर दादाने कप खाली ठेवला. म्हणाला, "तिकडेही आई!" हा नायक खोट्या भुतांचा सापळा रचून शत्रूच्या सैन्याला हरवतो. सकाळी आपल्याच युक्त्या बघत हसत फिरतो आणि मग त्याला अंगणभर पडलेली प्रेतं दिसतात.

मास्तरांची आणखी एक कथा आहे, ती सांगावी की नाही याचा मी विचार करत होतो. शेवटी सांगितली. ये नावाचा एक हुशार विद्यार्थी असतो. नापास होतो, खचून आजारी पडतो. मग बरा होऊन एका अधिकाऱ्याच्या मुलाला शिकवायला जातो. मुलगा पास होतो, मग हाही पास होतो. थाटामाटात घरी येतो, तर बायको त्याला बघून हातातलं सूप टाकून पळते. म्हणते, तुम्हाला जाऊन किती दिवस झाले, पुरायला पैसे नाहीत म्हणून शवपेटी तशीच ठेवलीये. तो आत जाऊन पेटी बघतो आणि नाहीसा होतो.

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कोणीतरी सांगेपर्यंत त्याला कळलंच नव्हतं."

"हो."

"आई नाही सांगणार मला. तू सांगशील?"

मला उत्तर देता आलं नाही. आत्याने पोळ्या बांधून, गहाणखताचं नाव न काढता काढलेली ही सहा वर्षं मला माहीत आहेत. त्याला दुपारच्या एसटीत बसवताना तो म्हणाला, "अजून एक अटेम्प्ट आहे. देईन की नाही, मलाच ठरवू दे. तू आईशी काही बोलू नकोस." मग खिडकीतून विचारलं, "त्या मास्तरांचं पुस्तक इंग्रजीत मिळतं का रे?"

मिळतं. त्याच रात्री ऑर्डर केलंय.